अनोळखी शब्दापाशी

सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचताना अनोळखी शब्द आला की मागच्यापुढच्या वाक्यांवरून मी त्याचा अर्थ ताडीत असे आणि पुढे जात असे. ही रीत वाईट नव्हे; मातृभाषाही आपण अशीच शिकतो. परंतु असा एक शब्द मी निबंधात मोठ्या ऐटीने योजला. प्राध्यापकांनी शांतपणे त्याचा अर्थ विचारला. मला तो सांगता येईना. न समजलेला शब्द वापरणे ही केवळ भाषेची चूक, की तेही एक प्रकारचे असत्य, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडीत नाही.

संत ऑगस्टिन यांनी इ. स. ३८९ च्या सुमारास गुरूविषयी एक संवाद लिहिला. त्यात दानीएलच्या पुस्तकातील ‘सराबारे’ हा दुर्मीळ शब्द त्यांनी उदाहरणादाखल घेतला आहे. त्याचा अर्थ ते शिरोवस्त्रे असा धरतात. पण नुसता ध्वनी कानी पडल्याने ना शिर कळते ना वस्त्र. वस्तूची ओळख असेल तरच शब्द अर्थ देतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

ग्रंथ वाचताना मात्र वस्तू समोर नसते, इतर शब्दच असतात. मग ओळख व्हावी कशी? याचे उत्तर आपल्या पुण्यातच सापडते. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या महाकोशाचे कार्य सुरू झाले. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द टिपले गेले. चिठ्ठ्यांची संख्या १ कोटीच्या घरात गेली. पहिला भाग निघाला तो १९७६ साली. शब्द कोठे, कोणत्या संदर्भात आला हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ सांगायचा नाही, असा हा संयम आहे.

मध्यंतरी आमच्या धर्मग्रामातील वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘फादर, कर्जासाठी दागिने ठेवतात त्याला आमच्या पुस्तकात तारण म्हटले आहे. आपण प्रार्थनेत म्हणतो ते तारण हेच का?’’ मी हसलो आणि लगेच ओशाळलो. इतकी वर्षे प्रवचनातून हा शब्द मी उच्चारीत आलो. पेढीवर तो कोणता अर्थ वागवतो, याचा कधी विचारच केला नव्हता. अनोळखी शब्द निदान आपल्याला थांबवतो; ओळखीचा वाटणारा शब्द तेवढेही करीत नाही.

वाचताना अंदाज बांधावा. त्यात दोष नाही. शब्दकोश उघडावा, तोच शब्द आणखी दोन-चार ठिकाणी भेटू द्यावा. पण तो दुसऱ्याला सांगण्याची वेळ आली की गोष्ट बदलते. ऐकणारा आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो. तेथे आपली सचोटीच तारण असते. म्हणून मुलांनी घरी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला आणि तो ठाऊक नसला, तर ‘‘मला माहीत नाही, चल, पाहू या’’ असे म्हणण्यात वडीलधाऱ्यांनी कमीपणा मानू नये. त्या उत्तरातून मूल एक शब्द शिकेल आणि खरेपणाही.