उमेदवार म्हणावें कीं मजूर?

एखाद्या मनुष्यास आपण ज्या नांवानें बोलावितों, त्याच नांवास साजेसें त्यास वागविण्यास आपण बांधलेले आहों कीं नाहीं? हा प्रश्न जपान देशांत परकीय मजुरांच्या संबंधानें उभा राहिला आहे. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस तो दूरचा वाटेल. परंतु भारत व जपान या दोन सरकारांमध्यें याविषयीं २०१७ सालीं करार झालेला आहे.

जपानांत वृद्ध वाढले व मुलें कमी झालीं. शेतांत, बांधकामावर, वृद्धांच्या शुश्रूषेस माणसें मिळेनातशीं झालीं. साध्या मजुरीसाठीं परकीयांस येऊं द्यावयाचें नाहीं, असें तेथील सरकार पुष्कळ वर्षें सांगत आलें. आणि १९९३ सालीं त्यानेंच बाजूचें दार उघडलें. गरीब देशांतील तरुणांनीं यावें, उमेदवारी करून हुन्नर शिकावा व तो स्वदेशीं न्यावा, असा उद्देश कागदावर लिहिला होता. नांव उमेदवारीचें, काम मजुरीचें! हिरोशिमाकडे कालवें फोडीत बसलेल्या तरुणीस तीन वर्षें शिकावें असें त्यांत काय होतें?

या उमेदवारांस सामान्यतः धनी बदलतां येत नसे, व बायकामुलांस आणतां येत नसे. पुष्कळांनीं दलालांचे पैसे भागविण्यास घरीं कर्ज काढलेलें असे. धनी कठोर निघाला म्हणजे परत जावें तर कर्ज, राहावें तर जाच. एकट्या २०२३ सालीं नऊ हजारांहून अधिक उमेदवार कामावरून नाहींसे झाले. त्यांस पळपुटे म्हणणें सोपें आहे.

सगळेच धनी निर्दय होते असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येकांनीं पोटच्या मुलांप्रमाणें वागविलें. पण वाचकहो, रूथेची गोष्ट आठवा. ती मवाबी, परकी. बवाज भला होता खरा. परंतु तो भला नसता तरीही शेतांत सरवा वेंचण्याचा तिचा हक्क नियमशास्त्रानें आधींच राखून ठेविला होता. रोजकऱ्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी, हा अनुवादांतील नियमही स्वकीय व उपरी या दोघांस सारखाच आहे. उपऱ्याचें पोट धन्याच्या मर्जीवर सोडूं नये, हाच त्या नियमांचा रोख आहे.

दुसरी एक गोष्ट. ब्राझील देशांत जाऊन राहिलेल्या जपानी लोकांच्या वंशजांस १९९० सालच्या कायद्यानें येण्याची मोकळीक मिळाली. ते मोटारींच्या कारखान्यांत राबले. त्यांचीं मुलें तेथेंच वाढलीं. पुढें मंदी आली, तेव्हां २००९ सालीं सरकारनें परत जाणाऱ्या मजुरास तीन लक्ष येन देऊं केले, आणि तूर्त त्याच परवान्यावर पुन्हां येऊं नये अशी अट घातली. वाटखर्च देणें हें एऱ्हवीं दयेचें काम. येथें तें दार लावून घेण्याचें मोल ठरलें.

ऑक्टोबर २०२४ अखेर जपानांत परकीय मजूर सुमारें २३ लक्ष होते. त्याच सालीं नवा कायदा झाला. त्यानें उमेदवारीची जुनी पद्धत २०२७ सालीं बंद होऊन, मनुष्यबळाची गरज आहे हें उघड कबूल करणारी पद्धत यावयाची आहे. तींत कांहीं काळानंतर, त्याच धंद्यांत, अटींवर धनी बदलतां येईल. नांव खरें झालें, हें आम्ही थोडें समजत नाहीं. बायकामुलांस आणण्याची मनाई मात्र तशीच ठेविली आहे.