खर्डा आणि कृति

कोणतीहि कृति लोकांपुढें येते तेव्हां तिच्या मागें लोकांस न दिसलेलीं तिचींच अनेक रूपें उभीं असतात. कवितेच्या छापील पानामागें खोडाखोडीनें भरलेली वही असते, चित्राच्या रंगाखालीं निराळ्याच रेघा असतात, आणि ज्या इमारतीचें आपण कौतुक करतों तिचे रद्द झालेले नकाशे कोठेंतरी गुंडाळून ठेवलेले असतात. या दडलेल्या रूपांविषयीं मनुष्याला अनिवार कुतूहल वाटतें. हें कुतूहल निर्दोष आहे काय, आणि तें तृप्त करतांना जें हातीं लागतें त्याला कर्त्याची कृति म्हणावें काय, असे दोन प्रश्न गेले कांहीं महिने माझ्या मनांत घोळत आहेत. ते एका दिवंगत मित्राच्या वह्यांनीं उपस्थित केले. परंतु त्यांचा विचार करण्याची वाट मला दाखविली ती, सांगावयास थोडा संकोच वाटतो, एका व्हिडिओ गेमनें.

माझा भाचा सुटींत आमच्याकडे आला होता. एके दुपारीं तो मला म्हणाला, "मामा, एकच खेळ तुम्हांला दोनदां दाखवतों. एकदां बाजारांत आला तसा, आणि एकदां तो तयार होत होता तेव्हांचा." खेळ होता 'सॉनिक द हेजहॉग २'. साळिंदरासारखा कांटेरी, पण निळ्या रंगाचा, एक प्राणी त्यांत विलक्षण वेगानें धांवत सुटतो आणि डोंगर, कारखाने, गुहा असे एकामागून एक प्रदेश ओलांडतो. सेगा या जपानी कंपनीनें १९९१ सालीं या प्राण्याचा पहिला खेळ काढला व नोव्हेंबर १९९२ मध्यें हा दुसरा. तो घडला मात्र अमेरिकेंत, जपानी व अमेरिकन कारागिरांच्या एकत्र श्रमानें. त्यांतील प्रमुख प्रोग्रामर युजी नाका हे होत. ज्या कार्ट्रिजमध्यें सारा खेळ बसवावयाचा तिची धारणशक्ति अवघी एक मेगाबाइट होती. आज खिशांतल्या फोननें काढलेलें एक छायाचित्रहि पुष्कळदां त्याहून अधिक जागा अडवितें.

या खेळाचा एक अपुरा नमुना १९९२ सालींच न्यूयॉर्क येथील खेळण्यांच्या प्रदर्शनांतून चोरीस गेला, असें नाका यांनीं पुढें सांगितलें आहे. अशाच एका अपुऱ्या नमुन्याची प्रत विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेटवर प्रकट झाली, आणि तेव्हांपासून या खेळाचे भक्त तिचा अभ्यास एखाद्या जुन्या पोथीप्रमाणें करीत आले आहेत. त्या खर्ड्यांत प्रदेशांचीं नांवें निराळीं आहेत. पुढें जो 'ॲक्वाटिक रुइन' झाला तो येथें 'निओ ग्रीन हिल' आहे, आणि 'मिस्टिक केव्ह' या गुहेला 'डस्ट हिल' म्हटलें आहे. कोठें शत्रु अद्याप नेमलेले नाहींत, तर कोठें पायाखालची जमीनच संपते. 'वुड' नांवाचें एक अरण्य आहे; त्यांत जेमतेम कांहीं पावलें जातां येतें. पूर्ण खेळांत त्या अरण्याचा मागमूसहि नाहीं.

परंतु भक्तांचें मन गुंतलें आहे तें 'हिडन पॅलेस' या गुप्त महालांत. ही स्फटिकांनीं चमकणारी एक भूमिगत गुहा. तींत डायनासोरच्या आकाराचीं यंत्रें हिंडतात. सातहि रत्नें मिळविल्यावर नायकानें येथें यावें व येथें त्याला सुवर्णरूप प्राप्त व्हावें, अशी मूळची योजना होती. या स्थळाचीं चित्रें खेळ निघण्यापूर्वीं मासिकांत छापून आलीं होतीं. पुढें जागा पुरेना, वेळ पुरेना, आणि महाल गळला. पूर्ण कार्ट्रिजमधील ध्वनींच्या यादींत एक धून अशी आहे कीं जी खेळांत कोठेंच वाजत नाहीं. रसिक ती या लुप्त महालाचीच मानतात. सोडून दिलेलें सारेंच मात्र नाश पावलें नाहीं. अशाच एका वगळलेल्या नगराचा आराखडा 'मेट्रोपोलिस' या प्रदेशास जोडण्यांत आला. म्हणून इतर बहुतेक प्रदेशांना दोन अंक असतां त्याला तीन आहेत.

हें सर्व दाखवून भाचा म्हणाला, "मामा, खरा खेळ हा होता. विकला तो कापलेला."

तरुणांच्या तोंडीं हें वाक्य शोभतें, आणि त्यांत सत्याचा अंशहि आहे. तयार वस्तूवर व्यवहाराचे हात फिरलेले असतात: मुदत, खर्च, जागा, विक्री. खर्ड्यावर ते फिरलेले नसतात. म्हणून कर्त्याचें मन खर्ड्यांत अधिक उघडें दिसतें असें आपण समजतों. परंतु मीं तो खर्डा अर्धा तास खेळून पाहिला तेव्हां मला निराळेंच कांहीं जाणवलें. त्या महालांत मला जें मोहक वाटत होतें तें तेथें नव्हतेंच. तें मी स्वतः आणीत होतों. जेथें वाट संपत होती तेथें माझी कल्पना पुढें चालूं लागत होती. अपुऱ्या वस्तूची हीच मोहिनी आहे. तिच्यांतले दोष आपण अपुरेपणाच्या खातीं टाकतों आणि तिच्यांत नसलेले गुण मात्र कर्त्याच्या खातीं जमा करतों. पूर्ण कृतीला ही सवलत मिळत नाहीं. ती जशी आहे तशी आपल्यापुढें उभी राहते व आपला न्याय स्वीकारते.

माझ्या मतें खर्डा व कृति यांतील खरा भेद हा आहे. खर्डा हा विचार आहे. कृति हें वचन आहे. मनुष्याच्या मनांत दिवसभर शंभर गोष्टी येऊन जातात, त्यांपैकीं ज्या तो चारचौघांत बोलतो तेवढ्यांनाच आपण त्याला बांधून घेतों. कर्ता कृति प्रसिद्ध करतो तेव्हां 'हें माझें, याचा भार मी घेतों,' असें म्हणत असतो. खर्ड्याविषयीं त्यानें असें कधींच म्हटलेलें नसतें.

येथें भाचा मला अडवून म्हणाला, "पण त्यांनीं महाल वाईट म्हणून थोडाच काढला? जागा नव्हती म्हणून काढला." आक्षेप योग्य होता. सोडून देण्याचे दोन प्रकार आहेत हें मीं तोंवर ध्यानांत घेतलें नव्हतें. एक, गरजेपोटीं सोडणें. दुसरा, विवेकानें सोडणें. गरजेपोटीं जें राहून गेलें त्याला फिरून हात घालण्याची इच्छा कर्त्याला होते, आणि तसें घडलेंहि. १९९४ सालच्या 'सॉनिक अँड नकल्स' या खेळांत 'हिडन पॅलेस' हें नांव धारण करणारा एक प्रदेश आला. तो जुन्या खर्ड्याची नक्कल नसून नव्यानें रचलेला होता. २०१३ सालीं मोबाइल फोनसाठीं दुसरा खेळ पुन्हां बांधण्यांत आला तेव्हां तो मूळचा महालहि त्यांत पुरा करून घातला. मूळ खेळांत 'मिस्टिक केव्ह' मध्यें एक खड्डा होता. त्यांत पडलेल्याला वर येण्यास मार्ग नसे. नव्या आवृत्तींत त्याच खड्ड्यांतून महालाची वाट निघते. ही कल्पना मला फार आवडली. परंतु तेथेंहि जें मिळालें तें १९९२ सालचें हरवलेलें रूप नव्हे. नव्या हातांनीं, कंपनीच्या संमतीनें, केलेलें तें नवें काम आहे. कर्ता व त्याचे अधिकारी वारस जिवंत असले म्हणजे असें करतां येतें. कर्ता नसेल तेव्हां काय करावें, हा खरा कठीण प्रश्न. आणि माझ्यापुढें होता तो हाच.

माझे मित्र कवि होते. त्यांच्या हयातींत त्यांचा एकच लहानसा संग्रह निघाला. त्यांतील, विकल्या गेलेल्या वडिलोपार्जित घरावरची कविता जाणत्या वाचकांना ठाऊक आहे. तींत शोक आहे, पण कोणावर रोष नाहीं. त्यांच्या मागें त्यांच्या मुलानें वह्यांची एक पेटी माझ्याकडे आणून दिली. त्यांत या कवितेचा खर्डा निघाला, व त्या खर्ड्यांत दोन कडवीं अधिक होतीं. घर कोणी विकविलें व कसें विकविलें तें त्यांत होतें. तो 'कोणी' म्हणजे कवीचे वडील बंधु. काव्य म्हणून तीं कडवीं छापील कवितेहून सरस आहेत, हें मला कबूल केलें पाहिजे. त्यांवर एक आडवी, ठाम रेघ मारलेली होती.

"काका," मुलानें विचारलें, "नव्या आवृत्तींत हीं कडवीं घालूं ना? बाबा खरे कसे होते तें यांतच दिसतें."

ज्याला तो राग आला तो मनुष्य खरा, कीं ज्यानें तो लिहून काढून मग त्यावर रेघ मारली तो खरा? आपल्या काळाचा कल पहिल्या उत्तराकडे आहे. मनाच्या तळाशीं जें सांपडेल तेंच सत्य, आणि वर जें दिसतें तें सोंग, असें आपण मानूं लागलों आहों. पण ती रेघहि त्याच हातानें ओढली होती. जागेची अडचण तेथें नव्हती. दोन कडव्यांनीं पुस्तक कांहीं फुगत नव्हतें. त्या मनुष्यानें बंधूला क्षमा केली असेल, किंवा बंधूच्या मुलांची त्याला दया आली असेल, किंवा आपला शोक रागाहून मोठा आहे असें त्याला दिसलें असेल. कारण कोणतेंहि असो, ती रेघ हा त्या कवितेचाच भाग आहे. कडवीं छापणें म्हणजे ती रेघ खोडणें होय.

याला मोठा प्रतिदाखला आहे, आणि तो मीं टाळतां कामा नये. काफ्कानें आपलीं हस्तलिखितें जाळून टाकावीं असें मित्राला, माक्स ब्रोड याला, लिहून ठेवलें होतें. काफ्का १९२४ सालीं वारला. ब्रोडनें तें ऐकलें नाहीं, आणि पुढल्याच वर्षीं 'द ट्रायल' ही कादंबरी जगाला मिळाली. ब्रोडला दोष देण्याचें धैर्य मला नाहीं. परंतु काफ्काच्या त्या कादंबऱ्या अपुऱ्या राहिलेल्या होत्या. दुसरें पूर्ण रूप निवडून मागें टाकलेल्या नव्हत्या. ज्याच्या जागीं कर्त्यानें स्वतः दुसरें कांहीं उभें केलें तें टाकलेलें. ज्याच्या जागीं कांहींच नाहीं तें अपुरें. अपुरें जपून, अपुरें म्हणूनच लोकांपुढें ठेवावें. टाकलेलें जपावें, शिकणाऱ्यास शिकण्यापुरतें दाखवावें, पण कर्त्याच्या नांवानें बाजारांत आणूं नये.

त्याप्रमाणें मीं मुलाला पत्र लिहिलें. पेटींतल्या नऊ कविता मध्येंच थांबलेल्या आहेत. त्या नव्या आवृत्तीच्या शेवटीं, जेथें थांबल्या तेथेंच थांबवून, छापाव्या. वह्या कोणीं जाळूं नयेत. त्या ग्रंथालयांत ठेवाव्या, म्हणजे कवितेवर श्रम कसे करावे लागतात तें मुलांना पाहावयास मिळेल. मात्र तीं दोन कडवीं पुस्तकांत घालूं नयेत. वारस तो आहे, निर्णयहि त्याचाच आहे. त्याचें उत्तर अजून आलेलें नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. पेटी परत करण्यापूर्वीं तीं कडवीं मीं एका कागदावर उतरून घेतलीं होतीं, आणि रात्रीं दिव्याखालीं अनेकदां वाचलींहि होतीं. प्रदर्शनांतून नमुना पळविणाऱ्याला मी मनांत नांवें ठेवीत होतों, तेव्हां माझ्या टेबलाच्या खणांत तो कागद होता. पत्राबरोबर तोहि मीं पाकिटांत घातला.