फेरी, खेप आणि हेलपाटा

जेथून निघावे तेथेच परत येणे, या एका क्रियेला आपल्या भाषेत कितीतरी शब्द आहेत. देवालयाभोवती घातली ती प्रदक्षिणा, डोंगराभोवती किंवा नदीभोवती घातली ती परिक्रमा, सहज मारली ती फेरी, पाण्यासाठी केली ती खेप, आणि काम न होता रिकाम्या हाताने परतावे लागले तर तो हेलपाटा. पायांना यांतला भेद कळत नाही. तेवढेच अंतर, तोच घाम आणि शेवटी तोच उंबरठा. मग भेद असतो तो कोठे, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही. आपल्या कुटुंबांतील तरुण मंडळी सुटीच्या दिवशी डोंगर तुडविण्यास निघतात; नांदेडची माहूरकडे, लातूरची उदगीर तालुक्यातील हत्तीबेटाकडे. घरातील वडीलधारी विचारतात, "तिकडे काय काम आहे?" काम काहीच नसते. युरोपात तर या बिनकामाच्या चालण्यासाठी वाटा आखून ठेवल्या आहेत. स्पेनच्या मुर्सिया प्रांतातील सिएरा एस्पुन्या ही डोंगररांग एके काळी उघडीबोडकी झाली होती. १८७९च्या महापुरानंतर तिच्या उतारांवर पुन्हा वन उभे करण्याच्या कार्यास रिकार्दो कोदोर्निउ या वन-अभियंत्याने वाहून घेतले. आज ते प्रादेशिक उद्यान आहे आणि तेथे गोलाकार पाऊलवाटा आहेत. सोपी, मध्यम, कठीण अशी अशा वाटांची प्रतवारीही केलेली असते. मनुष्य सकाळी गाडी उभी करतो, डोंगराला वळसा घालतो आणि दुपारी पुन्हा गाडीपाशी येतो. मिळविले काय?

संत ऑगस्टीन यांना वर्तुळाचे प्रेम नव्हते. 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या बाराव्या भागात त्यांनी काळ चक्राकार फिरतो, घडलेले सर्व पुन्हा पुन्हा घडते, हे प्राचीन तत्त्वज्ञांचे मत खोडून काढले आहे. त्यांच्या आक्षेपात तर्क आहे तसे अंतःकरणही आहे. लाभलेले सुख पुन्हा हरवणारच असेल आणि हे ठाऊक असूनही मनुष्याने ते भोगावयाचे असेल, तर ते सुख कसले?

हा आक्षेप आम्हांस ग्रंथालयात पटला त्याहून अधिक मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पटला. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. वृत्तपत्रांनी त्या गाडीची छायाचित्रे छापली आणि ते योग्यच होते. परंतु वाडीतांड्यावरील बाईच्या खेपेचे छायाचित्र कोण छापणार? पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलोचे ओझे. जाताना डोके मोकळे, येताना भरलेले. सायंकाळपर्यंत पाणी संपते आणि पहाटे तीच वाट पुन्हा पायाखाली येते. आपल्याकडील ऊसतोड कामगारांचा फेरा वर्षाचा. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघायचे, पावसाळ्यापूर्वी परतायचे आणि पुढच्या वर्षी उचल घेऊन पुन्हा निघायचे. ऑगस्टीन ज्या चक्राला भ्याले ते हेच असावे, असे आमच्या मनात येते.

माहूरचा फेरा मात्र निराळा. तेथे रेणुकामातेचे मंदिर, दत्तशिखर आणि अनसूया शिखर अशी तीन उंच स्थाने आहेत. श्रावण पौर्णिमेला या परिसराची परिक्रमा करण्याची प्रथा आहे. त्यामागील श्रद्धा आमची नव्हे. तथापि अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते अव्हेरू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५मध्ये शिकविलेच आहे. परिक्रमेत शिखर पायाखाली घेण्याची ईर्ष्या नसते. डोंगर उजव्या हाताला ठेवून, त्याला मान देऊन चालावयाचे. प्रदक्षिणा या शब्दातच तो उजवा हात आहे. एका बाजूने पाहिलेला डोंगर आपल्याला ठाऊक आहे असे आपण समजत असतो. वळसा घालू लागले म्हणजे सागाचे रान लागते, महानुभावांचे देवदेवेश्वर लागते, सोनापीराचा दर्गा लागतो, गोंड-कोलामांच्या वस्त्या लागतात. डोंगर सर्वांचाच निघतो. खेपेच्या मध्यभागी केवळ गरज असते. येथे मध्यभागी डोंगर आहे, आणि पाऊल स्वेच्छेने पडलेले आहे.

पण ही स्वेच्छा परवडते कोणाला? येथेच विवेकाला टोचणी लागते. शेजारीण खेपा घालीत असता आपण हौसेने फेरी मारावी काय? संत थॉमस अक्वायनस यांनी करमणुकीलाही सद्गुणांत जागा दिली आहे, आणि त्यासाठी संत योहानाविषयीची एक जुनी कथा ते सांगतात. शिष्यांबरोबर खेळत असलेल्या योहानाला पाहून काही जण नाराज झाले. त्यांच्यापैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले की असे अखंड चालेल काय. धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच, असे योहानाने उत्तर दिले. कथा आम्हांस मान्य आहे. फक्त एवढे वाटते की, जिचे धनुष्य कधीच उतरत नाही तीही याच डोंगराच्या पायथ्याशी राहते. तिचा ताण आपल्या हौसेने उत्पन्न झालेला नाही, म्हणून फेरी पाप ठरत नाही. परंतु वळसा घालून आलेल्याला ती दिसलीच नसेल, तर त्याने व्यायाम केला, इतकेच म्हणता येईल.

अशा वाटेवर कोठेतरी हापसा लागतो. तेथे बाया रांगेत असतात आणि आपल्या मुलांना पाहून त्या म्हणतात, "आधी तुमी भरा, लांबून आलाव." नाही म्हणावे तर त्यांच्या आतिथ्याचा अव्हेर, हो म्हणावे तर रांग मोडली. आम्ही मुलांना सांगून ठेविले आहे की, आधी त्यांचा हंडा तुम्ही हापसून भरून द्यावा आणि मग आपली बाटली लावावी. एक हंडा भरण्यास दांडा किती वेळा मारावा लागला, हे मोजून त्यांनी परतल्यावर आम्हांस सांगावयाचे असते.