सोणाची वीणा आणि सोणाच्या वहाणा

प्रयत्नाला मर्यादा असावी काय, आणि असल्यास ती कोणी घालावी, हा प्रश्न भारतीय धर्मचिंतनाला फार जुना आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात आज तो ‘बर्नआउट’ या नावाने समोर येतो. हा शब्द मानसशास्त्राच्या परिभाषेत रुळला तो हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांच्या 1974 मधील लेखानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या अवस्थेची तीन लक्षणे नोंदवली: सगळे बळ ओसरून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा तुच्छता उत्पन्न होणे, आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटू लागणे. संघटना तिला आजार मानत नाही व ती नोकरी-व्यवसायापुरतीच मर्यादित ठेवते. परंतु ज्याचा संपूर्ण दिवस व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि परीक्षा यांनी व्यापलेला असतो, त्या विद्यार्थ्याला अभ्यास हेच काम असल्यामुळे ही तिन्ही लक्षणे त्यालाही तंतोतंत लागू पडतात.

कराडला लागून असलेले मलकापूर हे या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य असे गाव आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरील या गावात कृष्णा विश्व विद्यापीठ असून तेथे वैद्यकीय शिक्षण दिले जाते. कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मागे ‘नीट’ परीक्षेची, आणि पुष्कळदा एक-दोन वर्षे ‘रिपीट’ केल्याची, पुंजी असते. पुढे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप आणि लगेच पदव्युत्तर प्रवेशाची तयारी. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेल्या मुलाला थकवा आला तर तो त्याला थकवा वाटत नाही, अपराध वाटतो. या अपराधभावाचे मूळ एका धारणेत आहे: विश्रांती ही श्रमाने कमवावी लागते, आणि अजून ती कमावलेली नाही.

ही धारणा आपल्या परंपरेतून आली असे मानले जाते, पण परंपरा वेगळे सांगते. मलकापूरजवळच्या आगाशिव डोंगरावर, जखिणवाडीच्या अंगाला आणि त्याच्या इतर बाजूंनाही, साठाच्या आसपास बौद्ध लेणी आहेत. अजिंठ्याचे वैभव त्यांत नाही; बहुतेक लेणी लहान व साधी आहेत, काही खोल्यांमध्ये भिंतीलगत खडकातच कोरलेले झोपण्याचे ओटे आहेत. भिक्षूचा धर्म चारिकेचा, म्हणजे गावोगाव फिरत राहण्याचा. तरीही पावसाळ्याचे तीन महिने त्याने एके ठिकाणी राहावे असा विनयाचा, म्हणजे संघाच्या आचारसंहितेचा, नियम होता व त्याला वर्षावास म्हणत. वर्षभर पुरेसे चालल्याचे बक्षीस म्हणून हा मुक्काम मिळत नसे. चालणे जसे व्रताचा भाग, तसे थांबणेही व्रताचाच भाग होता.

याच विनयग्रंथात, महावग्गाच्या चर्मविषयक प्रकरणात, सोण कोळिविस या तरुणाची कथा येते. चंपानगरीचा हा श्रीमंत मुलगा इतका सुकुमार होता की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते. प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, घेतल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात त्याने चंक्रमण, म्हणजे येरझारा घालत करायचे ध्यान, इतक्या हट्टाने केले की पाय फुटून वाट रक्ताने माखली. एवढे करूनही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतावे, संपत्तीचा उपभोग घ्यावा आणि दानधर्म करावा असा विचार त्याच्या मनात आला. बुद्धांनी त्याला त्याच्या पूर्वीच्या वीणावादनाविषयी विचारले: तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय, फार सैल सोडल्या तर वाजते काय? सोणाला दोन्ही प्रश्नांचे उत्तर वादक म्हणून ठाऊक होते. बुद्धांनी त्याला सांगितले की वीर्य, म्हणजे उत्साहपूर्वक प्रयत्न, अतिरेकाला गेले तर औद्धत्य म्हणजे मनाची अस्वस्थ तळमळ निर्माण होते आणि अति ढिले पडले तर कौसीद्य म्हणजे आळस. एरवी एकमेकांचे शत्रू समजले जाणारे हे दोन दोष येथे एकाच चुकीची दोन टोके ठरतात, आणि घरी परतण्याचा सोणाचा विचार आळसातून नव्हे, अतिप्रयत्नातून उगवतो, ही गोष्ट आजच्या शिक्षकांनी नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. महिनोन्‌महिने पहाटेपर्यंत जागणारा विद्यार्थी एके दिवशी पुस्तक उघडेनासा होतो, तेव्हा त्याला ‘ढिला पडला’ म्हणून आणखी ताणणे म्हणजे तुटणारी तार पिळणे होय.

गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग त्याचाच सिद्ध होतो ज्याचे खाणे, वावरणे, झोपणे आणि जागणे युक्त, म्हणजे प्रमाणात, असते. अतिजागरण करणाऱ्याला तो साधत नाही असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. विद्यार्थ्यांना मात्र गीतेतील फलत्यागच वारंवार ऐकवला जातो, आणि फळाची इच्छाच सोडली तर प्रेरणा कोठून यावी, ही त्यांची शंका अनुत्तरित राहते. मंडालेच्या तुरुंगात लिहून 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी लोकसंग्रहावर, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी करावयाच्या कर्मावर, जो भर दिला, त्यात या शंकेचे उत्तर सापडते. गुणपत्रिका वर्षातून एकदा-दोनदा येते. वॉर्डातला रुग्ण रोज समोर असतो. ज्याची प्रेरणा रुग्णाशी जोडलेली आहे त्याला एका परीक्षेचे अपयश दुखावते, पण रिकामे करीत नाही. तरीही हे उत्तर अपुरे आहे, कारण सेवेची प्रेरणा जितकी खरी तितका माणूस स्वतःला अधिक झिजवतो, आणि अशा प्रामाणिक मुलांचाच गैरफायदा घेणे व्यवस्थेला सोपे जाते.

म्हणूनच सोणाच्या कथेचा उत्तरार्ध महत्त्वाचा ठरतो, आणि तोच फारसा सांगितला जात नाही. वीर्याची समता साधून सोण अर्हत्पदाला, म्हणजे पूर्ण मुक्तीला, पोहोचल्यावर बुद्धांनी त्याच्या कोमल पायांसाठी एकपदरी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. सोणाने ती नाकारली. ऐंशी गाड्या सोने आणि हत्ती सोडून आलेला सोण आता वहाणांत अडकला असे लोक म्हणतील. साऱ्या संघाला परवानगी मिळणार असेल तरच आपणही वापरू, असे त्याने सांगितले. त्यावर बुद्धांनी सर्व भिक्षूंना वहाणांची मुभा दिली. एकट्याला मिळालेली सवलत कमकुवतपणाचा शिक्का ठरते आणि म्हणून ती घेतलीच जात नाही, हे सोणाने ओळखले होते. समुपदेशकाचे दार उघडे असूनही विद्यार्थी आत जात नाहीत, त्याचे एक कारण हेच असावे. वीणेचा उपदेश मनाला होता, वहाणांचा नियम संघाला. पहिला दुसऱ्यावाचून फक्त उपदेशच राहतो.

सर्वांनी मिळून झेपायची अशी व्यवस्था या परिसराला नवी नाही. कराड तालुक्यातल्याच काले या गावी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. त्या श्रमांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती मुले थकतच असणार, आणि ‘कमवा व शिका’ ही गरिबीतून काढलेली वाट होती. पण तेथे काम वाटून घेतलेले होते, जेवणाची पंगत एक होती, आणि दिवसाची आखणी सर्वांची मिळून होती. खोलीचे दार लावून एकट्याने झिजण्यात यांतले काहीच नसते.

दीर्घकाळ झोप उडणे, कशातच रस न वाटणे किंवा जगणे नकोसे होणे ही लक्षणे मात्र तत्त्वचिंतनाने हाताळण्याची नव्हेत. त्यांना वैद्यकीय उपचारच हवेत, आणि त्यासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. उरलेल्या प्रश्नाचा मोठा भाग वेळापत्रकाचा आहे. निवासी डॉक्टरांसाठी 1992 च्या केंद्रीय नियमांत आठवड्याला 48 तासांच्या कामाचे सूत्र होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी नेमलेल्या कृतिगटाने 2024 मध्ये आठवड्याला 74 तासांपेक्षा अधिक काम नसावे आणि एक दिवस सुटी असावी अशी शिफारस केली. तीन दशकांपूर्वीच्या सूत्रापेक्षा हा आकडा 26 तासांनी मोठा आहे, आणि तरीही तो दिलासा म्हणून मांडला गेला. कोणा एका निवासी डॉक्टरने ही मर्यादा स्वतःपुरती मागितली तर त्याचे उरलेले तास शेजारच्या सहकाऱ्यावर पडतील, म्हणून तो मागणार नाही; विभागाच्या ड्यूटी-तक्त्यात ती सर्वांसाठी लिहिली गेली, तरच घेता येईल.