परवान्याच्या प्रतीक्षेतील श्रम



आपल्या अनेक कुटुंबांतील लेकी लग्नानंतर अमेरिकेत जातात. पती एच-१बी व्हिसावर नोकरीत, पत्नी एच-४ वर त्याच्या सोबत. शिक्षण पदरात आहे, पण कमावण्याची मुभा नाही. २०१५ सालापासून अशा काही पत्नींना, उदाहरणार्थ पतीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असल्यास, कामाचा परवाना मागता येतो. आय-७६५ अर्ज भरायचा आणि थांबायचे. पावती लवकर येते, कार्ड येत नाही. आणि पावती म्हणजे परवाना नव्हे. महिने लोटतात. मग ओळखीचा दुकानदार सुचवतो, ‘‘बेटी, रोख देतो, कोण विचारणार आहे?’’ अथवा, ‘‘तूर्त स्वयंसेविका म्हणून ये, कार्ड आले की पगार सुरू करू.’’

वाचकहो, व्हिसा हा करार आहे. आपण त्याच्या अटी मान्य करून त्या भूमीत पाऊल ठेवतो. करार पाळण्याची आज्ञा सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे, आणि समोरचा पक्ष मुस्लिम नसेल तर ती शिथिल होते, असे कोठेही म्हटलेले नाही. ह. हुजैफा (रजि.) व त्यांचे वडील मदीनेकडे निघाले असता कुरैशांनी त्यांना अडविले आणि ‘आम्ही युद्धात भाग घेणार नाही’ असे वचन घेऊनच सोडले. पुढे बद्रचा प्रसंग आला. मुस्लिम अवघे तीनशेच्या आसपास; एकेक हात मोलाचा. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या दोघांना परत पाठविले. सहीह मुस्लिममध्ये ही हकीकत आहे. शत्रूला दिलेला शब्दही जर इतका बंधनकारक, तर ज्याने आपल्याला स्वखुशीने प्रवेश दिला त्याला दिलेल्या शब्दाचे काय?

मग हे महिने रिकामे घालवावेत काय? मुळीच नाही. ह. मूसा (अ.) यांचे स्मरण करा. इजिप्त सोडून मदयनला आलेला तो परका पुरुष. न घर, न ओळख, न रोजगार. विहिरीपाशी दोन स्त्रिया गर्दीमुळे मागे थांबलेल्या त्यांनी पाहिल्या. त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, मोबदला मागितला नाही, सावलीत जाऊन बसले आणि आपली गरज केवळ अल्लाहपुढे मांडली. नोकरी नंतर आली; तीही उघड करार होऊन, आठ वर्षांच्या मुदतीने, दहा केल्यास तो त्यांचा स्वेच्छेचा भाग. सूरह अल-कससमधील हा क्रम मला फार बोलका वाटतो.

परंतु सेवा ही खरोखर सेवा असावी. मशिदीच्या मक्तबमध्ये मुलांना शिकविणे, धर्मादाय अन्नछत्रात धान्य वाटणे, वाचनालयात हातभार लावणे, जेथे ते काम एरवीही विनावेतनच होते आणि पुढे पगार मिळेल असा छुपा शब्द नसतो, तेथे अडचण सहसा येत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या दुकानाचा गल्ला सांभाळणे याला स्वयंसेवा म्हणता येत नाही. अमेरिकेचा श्रमकायदाही खासगी नफेखोर व्यवसायात ‘स्वयंसेवक’ मानत नाही. शंका असल्यास आधी वकिलाला विचारा. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नका.

आणि त्या दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण तुम्ही ऐकलेली आहे. एखाद्या भगिनीच्या अगतिकतेचा लाभ घेऊन सहा महिने फुकट राबवून घेणे आणि त्यास मदत म्हणणे, हा जुलूम आहे. तिच्याजवळ परवाना नव्हता म्हणून झालेल्या कामाची मजुरी बुडत नाही. ती तुमच्यावर कर्ज आहे. पकडले गेल्यास दंड तुम्ही भराल, पण तिच्या तर ग्रीन कार्डाच्याच वाटेत काटे पेरले जातील.

गावाकडील आई-वडिलांनी आणि सासरच्यांनीही दर जुम्याच्या फोनवर ‘‘अजून नोकरी नाही का?’’ हे विचारणे थांबवावे. मुलगी थांबलेली आहे ती आळसामुळे नव्हे. त्याऐवजी मक्तबमध्ये या आठवड्यात मुलांचा कोणता धडा झाला, हे तिला विचारा.