तंबोरा आणि गोंगाट

दोन ब्राउझर एकमेकांशी थेट बोलू लागले, याचे नवल आता ओसरले आहे. वेबआरटीसी ही व्यवस्था २०११ साली सर्वांना खुली झाली. ओळख करून देण्यापुरता एखादा सर्व्हर मध्ये लागतो. मग लग्न जुळवून देणाऱ्या मध्यस्थासारखा तो बहुधा बाजूला होतो आणि आवाज कुलूपबंद होऊन या घरातून थेट त्या घरात जातो. पुण्याहून न्यू जर्सीला गाण्याची शिकवणी अशीही चालते.

पण गुरू तंबोरा जुळवून षड्ज लावतात तेव्हा पलीकडे पुष्कळदा नुसता गळाच पोचतो. तंबोरा वाटेत विरून जातो. ही यंत्रणा मुळात संभाषणासाठी घडलेली. एकसारखा चाललेला ध्वनी म्हणजे पंख्याची घरघर, असे तिने गृहीत धरलेले असते. घरघर पुसणे, प्रतिध्वनी काढणे, चढउतार सपाट करणे हे तिचे तीन उपकार आपण होऊन बंद करावे लागतात. (मग कानांना हेडफोन हवेतच.) ताकद कमी पडते असे नव्हे. ओपस ही तिची ध्वनिपद्धती सेकंदाला ४८,००० नमुने वाहू शकते.

तिची आणखी एक खोड आहे. आवाज साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होऊन निघतो. एखादा हरवला तर तो पुन्हा मागवायला सहसा सवड नसते. उशिरा आलेला स्वर म्हणजे चुकलेली सम. तेव्हा यंत्र मागच्या तुकड्यावरून अंदाजाने ती जागा भरते. मींडेतला तेवढा कण गुरूंनी गायिलेलाच नसतो! याला असत्य म्हणावे काय? मी म्हणणार नाही. तिथे काही हरवले होते आणि कोणी तरी ठिगळ लावले, एवढेच. आपला कानही गर्दीत असेच करतो.

तंबोऱ्याची गोष्ट निराळी. तो हरवलेला नव्हता. त्याला निरर्थक ठरवण्यात आले. आईशी बोलताना पंखा वगळला गेला तर मला आनंदच आहे. परंतु वगळण्याची कळ गाणाऱ्याच्या बाजूला असते आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्या शिष्येजवळ तिचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो, त्यावर ती सुरात गातेही. मात्र गुरूंचा षड्ज कशाला टेकून उभा आहे, हे तिने कधी ऐकलेलेच नसते. मग ते राहिले आहे हे ती विचारणार तरी कशी?