उपऱ्याचा गावधर्म

जुन्या मराठी मुलखात गावच्या शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. पांढरीत त्याचे घर असे आणि गोत बसले म्हणजे त्याच्या शब्दाला वजन असे. उपरी हा बाहेरून आलेला. पडीक किंवा दुसऱ्याची जमीन तो ठरावीक मुदतीने करी आणि मुदत सरली की पुढच्या गावची वाट धरी. या व्यवस्थेतील एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. दुष्काळाने वा धामधुमीने मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास सहसा बुडत नसे. पुष्कळ वर्षांनी मुलगा किंवा नातू परतला तरी तो आपल्या जमिनीवर हक्क सांगू शके. उलट उपऱ्याने त्याच मातीत हाडे झिजवली तरी तो उपरीच. जो गावात नाही तो गावचा आणि जो गावात राबतो तो परका!

बदलीची नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींच्या नशिबी ही दोन्ही सोंगे एकाच वेळी आलेली असतात. वऱ्हाडातील माझ्या गावी सातबाऱ्यावर माझे नाव आहे, पण तेथील शाळेचे छप्पर गळते की नाही हे मला ठाऊक नाही. तेथे मी गैरहजर मिरासदार. इकडे भिलाईच्या वैशाली नगरात भाड्याच्या घरात राहतो, येथला भाजीपाला खातो, येथले पाणी पितो; आणि गल्लीत चार माणसे जमलेली दिसली की 'आपण काय, आज आहोत, उद्या नाही' असे म्हणून दार लोटून घेतो. येथे मी उपरी. म्हणजे एका गावाचे देणे मी लांब आहे म्हणून टळते आणि दुसऱ्याचे मी परका आहे म्हणून. दोन गावे असलेल्या माणसाला वस्तुतः एकही गाव उरत नाही. म्हणून प्रश्न असा की, जेथे आपण कायमचे राहणार नाही, त्या ठिकाणच्या बऱ्यावाईटाचे आपण काही देणे लागतो काय?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उघड्या नाल्याने विचारला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे म्हातारे मालक, ज्यांना सगळे दाऊजी म्हणतात, एका उन्हाळ्यात अर्ज घेऊन माझ्या दारी आले. नाल्यावर फरशा टाकाव्यात अशी संबंधित कचेरीला विनंती होती. मी म्हणालो, "दाऊजी, मला इथे फार दिवस राहायचे नाही. कायमच्या लोकांच्या सह्या घ्या." त्यांनी कागदाची घडी घातली आणि हसून म्हणाले, "नाली को क्या मालूम, साहब, कि किसका तबादला होने वाला है?" मी त्यांना चहा दिला, सही दिली नाही. अर्ज गेला तेव्हा त्यावर अकरा सह्या होत्या.

श्रावणात एका सकाळी रस्ता आणि नाला पाण्याखाली एक झाले, आणि आमच्याच घरी धुणीभांडी करायला येणारी बाई त्यात पडली. पाय मोडला, दोन महिने तिची सगळी घरे सुटली. माझ्या एका सहीने फरशा आधीच बसल्या असत्या असे मी म्हणत नाही. बहुधा बसल्या नसत्या. परंतु त्यामुळे माझे मन मोकळे होत नाही. परिणाम माझ्या हाती नव्हता, सही मात्र माझ्या हाती होती.

माझ्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नव्हते असे मात्र नाही. सरकारी नोकराची बदली होते ती त्याने कोठेही मुळे रोवू नयेत म्हणूनच. मुळे रुजली की सोयरीक येते, सोयरिकीमागून पक्षपात. तेव्हा अलिप्तपणा हा आमचा दोष नसून धर्मच आहे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मला खरा वाटतो, पण तो कचेरीच्या उंबऱ्यापर्यंतच. खुर्चीवर बसलेल्याने निःपक्षपाती असावे याचा अर्थ खुर्चीवरून उठल्यावर त्याने शेजारी असू नये असा होत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बाहेरून आलेला शिकलेला माणूस गावकीत शिरला की पाहता पाहता अध्यक्ष होऊन बसतो, आणि ज्यांचे गाव ते सतरंज्या घालीत राहतात. हेही अनेकदा पाहिले आहे. पण यातून एवढेच निघते की उपऱ्याने शेवटच्या ओळीत बसावे. त्याने सभेलाच जाऊ नये असे नव्हे.

नागरिक म्हणावे कोणाला, याची चिकित्सा ॲरिस्टॉटलने केली आहे. केवळ एखाद्या ठिकाणी राहिल्याने कोणी तेथला नागरिक होत नाही, कारण परदेशीही तेथे राहतातच; न्यायनिवाड्यात आणि कारभारात ज्याचा वाटा तो नागरिक, असे तो म्हणतो. गंमत अशी की तो स्वतः स्टॅगिराचा. अथेन्समध्ये त्याने आयुष्याची तीसेक वर्षे काढली, ती परदेशी रहिवासी म्हणून. तेथल्या सभेत त्याला मत नव्हते. त्याच्या काळी कायदाच परक्याला बाहेर ठेवीत असे. पुढे तो हळूहळू बदलत गेला. इंग्लंडच्या खेड्यांत एके काळी मालमत्तेच्या मानाने एकेकाला अनेक मते असत. १८९४ च्या कायद्याने तेथे लहान लहान खेड्यांच्या सभा आल्या आणि पायवाट, दिवाबत्ती, दफनभूमी असल्या बाबींत प्रत्येक मतदाराला सारखे एक मत मिळाले. आपल्याकडे १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेची व्याख्या केली, तीही गावच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची सभा अशीच. त्याच वर्षी ७४ वी दुरुस्ती शहरांसाठी अमलात आली. मिरासदार आणि उपरी हा भेद कायद्याने पुसला. आता जो उपरी राहतो तो आपखुशीने राहतो.

छत्तीसगडात आपण मराठी माणसांनी तर हा विचार विशेष करावा. येथे आपले पूर्वज प्रथम आले ते राज्यकर्ते म्हणून. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहिले. तेथल्या रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचे आहे आणि त्यांचे नाव आजही घेतले जाते. त्यांच्यामागून नागपूरहून सुभेदार येऊ लागले. म्हणजे आमच्यासारखेच, नेमणुकीवर. त्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील? पुढे १९०० साली पेंड्रा या आडगावातून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी घरांतले. सप्रे यांनी पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, लाखे यांनी रायपुरात सहकाराचा पाया घातला. भोवतालची भाषा ती आपली भाषा आणि भोवतालची गरज ती आपली गरज, असे त्यांनी मानले. म्हणून ते मराठी राहिले नाहीत, असे कोण म्हणेल?

याच मासिकात १९०१ साली सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट आली. जमीनदाराने विधवेची झोपडी बळकावली आहे. ती चूल घालायला तेथली टोपलीभर माती मागते आणि टोपली डोक्यावर ठेवायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. एक टोपली उचलवत नाही, मग झोपडीतल्या हजारो टोपल्या मातीचा भार जन्मभर कसा वाहाल, असे ती विचारते आणि त्याचे डोळे उघडतात. भिलाईत ही गोष्ट आठवली की मन चरकते. भिलाई हे मूळ एका खेड्याचे नाव. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली, आणि त्यासाठी कित्येक खेड्यांच्या जमिनी गेल्या. जे खरे मिरासदार ते आपल्याच मातीत उपरी झाले, आणि आम्ही देशाच्या कानाकोपऱ्यांतून येऊन त्या मातीवर संसार मांडले. हे पाप होते असे मी म्हणत नाही. पोलाद देशाला हवे होते. पण ज्या टोपलीवर आपण उभे आहोत तिचे वजन निदान ठाऊक असावे. 'मी येथला नाही' हे वाक्य दाऊजींसारख्यांच्या समोर उच्चारताना तरी जीभ अडखळावी.

उपरी आपला कसा होतो, याचे उत्तर या प्रांतानेच फार पूर्वी देऊन ठेवले आहे. येथे 'मितान' जोडण्याची चाल आहे. रक्ताचे नाते नसलेली, पुष्कळदा निरनिराळ्या जातींची दोन माणसे जगन्नाथाचा महाप्रसाद, गंगाजल किंवा भोजलीचे अंकुर साक्षीला ठेवून जन्माची मैत्री पत्करतात, आणि मग एकाच्या घरचे लग्नमरण दुसऱ्याच्या घरचे होते. त्यात कोणी विचारीत नाही की तू येथे किती वर्षे राहणार. नाते मुदतीवर ठरत नाही. ते पत्करण्यावर ठरते. मला वाटते, गावाशी असलेले नातेही तसेच आहे. कर्तव्य आपल्या मुक्कामाच्या लांबीने मोजले जात नाही. आज जे पाणी आपण पितो, ज्या हातांनी आपले घर चालते, त्यांच्याशी ते आजच बांधलेले असते. बदलीचा हुकूम आला की तो आपले बिऱ्हाड हलवतो. मागचे देणे फेडीत नाही.

गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण गाव म्हणजे दुसरे कोणी, असे समजून ऐकतो. दाऊजींनी दुसरा अर्ज केला तेव्हा त्यावर बारावी सही माझी होती. उशिरा केलेल्या सहीचा अभिमान धरण्याचे कारण नाही. फरशा बसल्या तेव्हा ती बाई काठी टेकीत पाहायला आली होती. तिने पायाने एक फरशी चाचपून पाहिली आणि म्हणाली, "पक्की आहे." कोणाच्या सहीने बसली, हे तिने विचारले नाही.